दशावताराचं ४के चित्रीकरण लॅपटॉपवर अडखळतंय – एडिटिंगआधी कन्व्हर्ट करावं का, आणि कशात?

मांडकरी

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या जत्रेतला दशावतार यंदा पूर्ण चित्रित केला. आडदशावतारातल्या (मुख्य आख्यानाआधीचा भाग) गणपती-संकासुरापासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत, साधारण पाच तासांचं काम आहे. समोरून ट्रायपॉडवर सोनी ए६४००, ४के, २५ फ्रेम, १०० मेगाबिट. बाजूने, पेटी आणि मृदंगवाल्यांच्या जवळ, एक मोबाइल ठेवला होता, तोही ४के पण ३० फ्रेमवर. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला आहे.

आता अडचण एडिटिंगची. लॅपटॉप आठव्या पिढीचा आय५, रॅम ८ जीबी, आत २५६ जीबीची एसएसडी आणि बाहेरून १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोजवर दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती टाकली आहे. एकच क्लिप नुसती चालवली तर कशीबशी चालते. दोन्ही क्लिप एकाखाली एक ठेवून संकासुराच्या उडीवर कट मारायचा म्हटलं, की चित्र थिजतं आणि आवाज पुढे जातो. एक फ्रेम मागे जायला बाण दाबला तर चित्र हलायला दीड-दोन सेकंद जातात. मृदंगाची थाप आणि पाय जमिनीला लागणं एका फ्रेमवर यायला हवं, आणि नेमकी ती फ्रेम हाताला लागत नाही. गंमत म्हणजे हीच फाइल व्हीएलसीमध्ये लोण्यासारखी चालते.

एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याने सांगितलं की सगळं आधी 'प्रोरेस ४२२ एचक्यू'मध्ये कन्व्हर्ट कर. करावं का? दर्जा उतरतो का? जागा पुरेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. यातले दोन कलाकार आता वयस्कर आहेत, त्यांचं हे काम नीट जतन व्हावं अशी फार इच्छा आहे.

खटपट्या

कन्व्हर्ट वगैरे भानगडीत पडू नका. टाइमलाइनचं प्लेबॅक रिझोल्यूशन अर्धं किंवा पाव करा, काम होतं. माझं होतं.

फ्रेमवाला

मांडकरी, विषय चांगला आहे, जरा पाल्हाळ लावतो.

कॅमेरा जी एच.२६४ किंवा एच.२६५ फाइल बनवतो ती कार्डावर कमीत कमी जागेत मावावी म्हणून बनवलेली असते. प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्र म्हणून साठवायची तिची पद्धतच नाही. एक पूर्ण फ्रेम, आणि तिच्यानंतरच्या फ्रेमांसाठी फक्त 'आधीपेक्षा काय बदललं' एवढीच नोंद. काही फ्रेमा तर मागची आणि पुढची अशा दोन्हींच्या आधाराने बनतात. असा एक गट साधारण अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे तुमच्या २५ फ्रेमच्या हिशोबात १२ ते १५ फ्रेमांचा असतो. वाण्याच्या वहीत रोजची जमा-नावे लिहिली आहेत पण शिल्लक पंधरवड्यातून एकदाच काढली आहे असं समजा. बारा तारखेची शिल्लक विचारली तर एक तारखेपासून बेरीज करत यावं लागेल.

व्हीएलसीला ही बेरीज सोपी जाते, कारण ते एकाच दिशेने, एकच फाइल वाचत जातं. एडिटिंगमध्ये तुम्ही मध्येच उडी मारता, उलटे जाता, दोन थर एकदम चालवता. दर वेळी मागची पूर्ण फ्रेम शोधा, तिथून पुढे उलगडत या, मग हवी ती फ्रेम दाखवा. बाण दाबल्यावर लागणारे दीड-दोन सेकंद तिथे जातात. त्यात ४केची एक फ्रेम म्हणजे ८३ लाख पिक्सेल.

प्रोरेस (अ‍ॅपलचा, २००७ पासून), अ‍ॅव्हिडचे डीएनएक्सएचडी आणि डीएनएक्सएचआर, किंवा सिनेफॉर्म हे कोडेक (चित्र साठवण्याच्या पद्धती) याच्या उलट आहेत. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, स्वयंपूर्ण. कुठेही उडी मारा, तीच फ्रेम उघडते. किंमत मोजावी लागते ती जागेत.

खटपट्या, तुमचा उपाय काही वेळा लागू पडतो, पण तो वेगळ्या दुखण्यावरचा आहे. प्लेबॅक रिझोल्यूशन कमी केल्याने रंग, इफेक्ट, थर एकत्र करणं हे काम हलकं होतं. एच.२६४ची फाइल उलगडताना मात्र आधी पूर्ण ४के फ्रेम उलगडावीच लागते, मग ती लहान करून दाखवली जाते. इथे दुखणं उलगडण्यातच आहे.

खटपट्या

हे पटलं. माझं फुटेज एचडी असतं, म्हणून माझं भागत असावं.

मांडकरी

वहीचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. मग स्टुडिओवाल्याचा सल्ला बरोबर धरायचा का?

फ्रेमवाला

अर्धा बरोबर. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असणाऱ्या कोडेकमध्ये जा हे बरोबर. पण 'सगळं, ४केमध्ये, एचक्यूमध्ये' हे तुमच्या लॅपटॉपला आणि डिस्कला झेपणारं नाही. आकडेच बघा.

तुमचं मूळ फुटेज १०० मेगाबिट, म्हणजे तासाला ४५ जीबी. पाच तासांचे २२५ जीबी.
४के, २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ एचक्यू ७३७ मेगाबिट घेतो, तासाला साधारण ३३२ जीबी. पाच तासांना दीड टीबीच्या वर.
साधा प्रोरेस ४२२ घेतला तरी ४९२ मेगाबिट, तासाला २२१ जीबी. तोही तुमच्या १ टीबीत मावत नाही, आणि अजून मोबाइलचं फुटेज धरलेलंच नाही.

जागा विकत घेता येईल, पण वेगाचं काय? ४९२ मेगाबिट म्हणजे सेकंदाला सुमारे ६१ एमबी. दोन थर एकदम चालवले की १२० एमबीच्या वर. बाहेरून लावलेली साधी हार्ड डिस्क सलग वाचताना जेमतेम तेवढी जाते, आणि दोन फाइलींमध्ये सुई इकडून तिकडे पळवायची म्हटल्यावर तेवढीही जात नाही. म्हणजे प्रोसेसरचं ओझं उतरवून डिस्कच्या डोक्यावर ठेवल्यासारखं होईल, अडखळणं तिथेच राहील.

आणि एवढं करून दर्जा वाढत नाही. ए६४०० आठ बिट, ४:२:० (म्हणजे चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद) नोंदवतो. तो दहा बिटांच्या डब्यात भरला म्हणून दहा बिट होत नाही. एचक्यूमध्ये दर्जा उतरतही नाही म्हणा, डोळ्याला फरक दिसणार नाही. पण तुम्हाला त्याची गरज नाही.

तुम्हाला हवी आहे प्रॉक्सी. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची, तिची एक हलकी, लहान आकाराची प्रत बनवायची, कटिंग त्या प्रतीवर करायचं आणि शेवटचं रेंडर, म्हणजे तयार झालेला व्हिडिओ, मूळ फाइलीवरून काढायचं. डीएनएक्सएचआर एलबी १९२० बाय १०८०मध्ये, २५ फ्रेमला, सुमारे ३६ मेगाबिट घेतो. तासाला १६ जीबी, पाच तासांचे ८० जीबी. एसएसडीवर जागा मोकळी असेल तर तिथेच ठेवा.

दर्यावर्दी

फ्रेमवाला यांच्याशी सहमत, एक पुरवणी जोडतो. मी मॅकवर काम करतो. २०२०नंतरच्या एम१ वगैरे चिपांमध्ये एच.२६४ आणि एच.२६५ उलगडायला वेगळं हार्डवेअर असतं, तिथे ४केचे दोन-तीन थर कन्व्हर्ट न करताही सरळ चालतात. त्यामुळे 'कन्व्हर्ट करावंच' हा सरसकट नियम नाही. आधी दोन मिनिटांची क्लिप घेऊन आपल्या मशिनवर बघावं, अडखळली तरच पुढचं.

पण ज्यांचा कॅमेरा दहा बिट ४:२:२ (दोन पिक्सेलमागे रंगाची एक नोंद) नोंदवतो त्यांनी जपून. महागडं ग्राफिक कार्ड असूनही ते फुटेज अडतं, कारण बरीच वर्षं एनव्हिडियाच्या कार्डांत ४:२:२ उलगडायची सोयच नव्हती, ती २०२५मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेत आली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या चिपांत मात्र एच.२६५ ४:२:२ची सोय आहे. म्हणून पुष्कळदा स्वस्तातला नवा इंटेल लॅपटॉप त्या फुटेजला मोठ्या जुन्या डेस्कटॉपपेक्षा बरा चालतो. मांडकरींचं फुटेज ४:२:० आहे, त्यांना ही काळजी नाही.

मांडकरी

रिझॉल्व्हमध्ये प्रॉक्सी कुठून करायची? क्रमाने सांगाल का? मेनूत हरवायला होतं.

फ्रेमवाला

सांगतो. पण त्याआधी एक काम, ते टाळू नका. प्रत्येक कार्डासाठी वेगळं फोल्डर करा. 'समोरचा कॅमेरा कार्ड १', 'समोरचा कॅमेरा कार्ड २', 'बाजूचा मोबाइल' असं. सोनीचे कॅमेरे क्लिपना सी०००१, सी०००२ अशी नावं देतात आणि दुसऱ्या कार्डावर पुन्हा सी०००१ येऊ शकतं. सगळ्या क्लिपा एकाच फोल्डरात ओतल्या की एका क्लिपला दुसरीची प्रॉक्सी चिकटायची भीती. नावं बदलायची असतील तर आत्ताच बदला, प्रॉक्सी झाल्यावर मूळ फाइलीच्या नावाला हात लावायचा नाही.

मग नवीन प्रोजेक्ट. क्लिप आत घेण्याआधी प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमलाइन फ्रेमरेट २५ करा. एकदा क्लिप टाइमलाइनवर आल्या की तो सहज बदलू देत नाही. तिथेच मास्टर सेटिंग्जमध्ये खाली प्रॉक्सी मीडियाचा भाग आहे. रिझोल्यूशन 'हाफ' (४केचं अर्धं म्हणजे १०८०), फॉरमॅट डीएनएक्सएचआर एलबी. कुठे साठवायचं ते फोल्डर एसएसडीवर दाखवा.

आता मीडिया पूलमध्ये क्लिप निवडा, राइट क्लिक, 'जनरेट प्रॉक्सी मीडिया'. आधी एकच छोटी क्लिप करून बघा. प्लेबॅक मेनूत प्रॉक्सी हँडलिंगमध्ये 'प्रिफर प्रॉक्सीज' ठेवा. त्या क्लिपवर बाणाने एक-एक फ्रेम मागे जाऊन बघा. लगेच हलली की बाकीच्या सगळ्या रात्री लावून द्या. चार्जर जोडलेला असू द्या, विंडोजचं स्लीप बंद करा, लॅपटॉपच्या खालून हवा जाईल असा ठेवा. गादीवर ठेवू नका, तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि सकाळी निम्मंच झालेलं असतं.

हाफही जड वाटलं तर 'क्वार्टर', म्हणजे ९६० बाय ५४०. कट मारायला तेही पुरतं. फक्त फोकस नीट आहे का हे त्यावर ठरवू नका, त्या वेळी मूळ फाइल बघा.

निळीशाई

मी लिनक्सवर केडेनलाइव्ह वापरते, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ त्यावरच करते. ज्यांच्या मशिनला रिझॉल्व्ह जड जातं (८ जीबी रॅम त्याला खरंच तोकडी आहे) त्यांनी हा पर्याय जरूर बघावा. प्रोजेक्टच्या सेटिंग्जमध्ये 'प्रॉक्सी' टॅबवर एक खूण केली की ठराविक रुंदीपेक्षा मोठ्या क्लिपांची प्रॉक्सी आपोआप मागे बनत राहते, आपण तोवर काम सुरू ठेवू शकतो. शॉटकटमध्येही सोय आहे, शिवाय त्यात क्लिप 'एडिटिंगला सोयीची' करून घ्यायचा पर्याय आहे, लहान, मध्यम, मोठी फाइल अशा तीन पायऱ्यांत.

लिनक्सवर रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांसाठी: तिथे फुकट आवृत्ती एच.२६४ उघडत नाही, आणि पैसे देऊन घेतलेल्या आवृत्तीतही एएसी आवाज येत नाही. चित्र दिसतं, आवाज गायब. आवाज पीसीएममध्ये (न दाबलेला आवाज) करून घ्यावाच लागतो. चित्राला हात न लावता फक्त आवाज बदलला तर काही मिनिटांत होतं. त्यासाठी आणि एकूणच कन्व्हर्ट करायला 'शटर एन्कोडर' हे फुकट साधन वापरते. आत एफएफएमपेग हे आज्ञांवर चालणारं साधन आहे, पण आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. फाइल ओढून टाका, यादीतून डीएनएक्सएचआर किंवा प्रोरेस निवडा, दर्जा निवडा, सुरू करा.

मांडकरी

प्रॉक्सी झाल्या! समोरच्या कॅमेऱ्याच्या सगळ्या क्लिप आता हात लावेल तिथे थांबतात. संकासुराची उडी, मृदंगाची थाप, सगळं फ्रेमवर मिळतंय. देव बरे करो तुम्हा सर्वांचं.

आता दुसरं. मोबाइलचा आवाज जुळत नाही. सुरुवातीला झांजेचा पहिला ठोका तिन्हीकडे एकाखाली एक आणला. वेव्हफॉर्ममध्ये झांज काटकोनात सुळक्यासारखी उभी दिसते, त्यामुळे जुळवणं सोपं गेलं. पण तासाभराच्या क्लिपच्या शेवटी तोच मोबाइल काही सेकंद मागे पडलेला आहे. कॅमेरा आणि रेकॉर्डर मात्र जवळजवळ सोबत आहेत. मोबाइलची प्रॉक्सी चुकीची झाली का?

निळीशाई

प्रॉक्सीचा दोष नाही. मोबाइल बहुतेक वेळा स्थिर फ्रेमरेटने नोंदवतच नाही. अंधार पडला, फोन तापला, की तो फ्रेमांमधलं अंतर कमीजास्त करतो. रात्रीच्या जत्रेत हे होणारच. मीडियाइन्फो नावाचं फुकट साधन आहे, त्यात फाइल टाका आणि 'फ्रेमरेट मोड' बघा. 'व्हेरिएबल' दिसेल.

मांडकरी

हो, व्हेरिएबलच आहे.

फ्रेमवाला

मग निदान झालं. फाइल म्हणते ३०, प्रत्यक्षात सरासरी त्याच्या किंचित खाली. हा किंचितपणा किती महागात पडतो बघा: ३०च्या जागी खरा वेग २९.९७ असेल तर फरक हजारात एक, आणि तासाला ३.६ सेकंद.

इथे कॅमेऱ्याच्या आणि मोबाइलच्या फाइलींना दिलेली वागणूक वेगळी हवी. कॅमेऱ्याची मूळ फाइल निरोगी आहे, म्हणून तिची फक्त हलकी प्रत केली आणि रेंडर मूळवरून. मोबाइलच्या मूळ फाइलीची काळगणनाच हलते आहे, म्हणून तिच्या जागी नवी फाइल यायला हवी, आणि रेंडरही त्या नव्या फाइलीवरून होणार. म्हणजे ती चांगल्या दर्जाची हवी, एलबी चालणार नाही.

यासाठी हँडब्रेक हे फुकट कन्व्हर्टर वापरा. 'प्रॉडक्शन स्टँडर्ड' नावाचा तयार प्रीसेट एडिटिंगसाठीच दिलेला आहे. फ्रेमरेट ३० आणि 'कॉन्स्टंट' आहे ना एवढं तपासा. तो गरजेप्रमाणे एखादी फ्रेम दुणावतो किंवा गाळतो, एकूण लांबी तीच राहते, आवाजाला धक्का लागत नाही. मग त्या नव्या फाइलींच्या रिझॉल्व्हमध्ये प्रॉक्सी करा. आधी केलेल्या मोबाइलच्या प्रॉक्सी पुसून टाका.

३०चं २५ हँडब्रेकमध्ये करू नका, ते काम टाइमलाइनवर सोडा. आणि क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन ३०च्या जागी २५ लिहू तर अजिबात नका. तसं केलं तर तिची प्रत्येक फ्रेम जास्त वेळ दाखवली जाते आणि तासाची क्लिप ७२ मिनिटांची होते.

दर्यावर्दी

पुढच्या वेळेसाठी: आयफोनच्या कॅमेरा सेटिंग्जमध्ये व्हिडिओखाली 'शो पाल फॉरमॅट्स' सुरू केलं की २५ फ्रेमचा पर्याय येतो. अँड्रॉइडवर ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अ‍ॅप बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मांडवातल्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी माळा ३० फ्रेमला लुकलुकतात, २५ फ्रेम आणि शटर पन्नासांशला तो त्रास नसतो. कॅमेऱ्याशी फ्रेमरेटही जुळतो. एचडीआर (उजेड-अंधाराची जास्त मोठी पट्टी नोंदवणं) मात्र बंद ठेवा, नाहीतर साध्या टाइमलाइनवर मोबाइलची क्लिप भगभगीत दिसते आणि दोन कॅमेऱ्यांचे रंग जुळवता जुळवता जीव जातो.

कन्व्हर्ट झालेल्या मोबाइलच्या क्लिपमधली एखादी गडद फ्रेम मूळच्या शेजारी ठेवून नक्की बघा. काही मोबाइल रंगांची पूर्ण पट्टी वापरतात, कन्व्हर्ट करताना ती खूण हरवली तर काळा रंग जास्तच काळा होतो. दशावतारात काळ्या पडद्यापुढे काळ्या वेशातला संकासुर असेल तर तपशील पुसला जाईल.

मांडकरी

तपासलं, काळा रंग तसाच आहे. आणि मोबाइल आता शेवटपर्यंत जुळतो! शेवटच्या झांजेवर बघितलं. रेकॉर्डर आणि कॅमेरा यांच्यात मात्र तासाला दोन-तीन फ्रेमांचा फरक राहतो. तो कशाने?

फ्रेमवाला

तो राहणारच. प्रत्येक यंत्रातलं घड्याळ वेगळं. दहा लाखांत वीस भागांचा फरक म्हटला तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात, म्हणजे २५च्या टाइमलाइनवर जवळजवळ दोन फ्रेम. कन्व्हर्ट करून हे जात नाही. रेकॉर्डरचा आवाज जिथे श्वास आहे तिथे कापा, गाणं संपून संवाद सुरू होण्याआधी, किंवा एक पात्र आत गेल्यावर दुसरं यायच्या मध्ये. तिथे दोन फ्रेम सरकवली तर कुणालाही कळत नाही. गाणं चालू असताना मात्र कापू नका, पेटीचा सूर लांबलेला असतो, तिथे सांधा लगेच ऐकू येतो.

जुनाहँडीकॅम

उशिरा आलो, पण या धाग्यावर जुन्या कॅसेट आणि हँडीकॅमवाल्यांसाठीही लिहून ठेवायला हवं. आमच्याकडे लग्नं, भजनी मंडळं, कीर्तनं यांचं बरंच चित्रीकरण एव्हीसीएचडीत पडून आहे. हा प्रकार सोनी आणि पॅनासॉनिकने २००६मध्ये आणला, फाइली एमटीएस. हेही आतून एच.२६४च, आणि बहुतेक ५० आय, म्हणजे एका फ्रेमच्या दोन जाळ्या: आधी एक आड एक ओळी, मग उरलेल्या.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, कार्डावरचं 'प्रायव्हेट' नावाचं फोल्डर अख्खंच्या अख्खं उतरवा. नुसत्या एमटीएस फाइली उचलू नका. लांब चित्रीकरण कॅमेरा २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत तोडतो, आणि तुकडे एकमेकांना कसे जोडायचे ते बाकीच्या फाइलींत लिहिलेलं असतं. तुकडे सुटे सुटे कन्व्हर्ट केले तर सांध्यावर आवाजाचा बारीक तुकडा उडतो. कीर्तनकाराचा शब्द मध्येच तुटलेला ऐकला की वाईट वाटतं. आधी तुकडे न बदलता जोडा, मग कन्व्हर्ट करा.

दुसरी, जाळीचा क्रम. एचडीत वरची ओळ आधी, पण जुन्या मिनी डीव्ही कॅसेटच्या पाल चित्रात खालची ओळ आधी. कन्व्हर्टरमध्ये हा क्रम उलटा पडला की माणूस चालताना पुढे-मागे हिसके दिल्यासारखा दिसतो. मग लोक कॅसेट खराब झाली म्हणतात. कॅसेट धडधाकट असते. जाळी काढताना शक्य असेल तर ५० आयचं ५० पी (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम) करा, २५ पी नको. लेझीम, फुगडी, दशावतारातलं युद्धनृत्य, अशा वेगवान हालचालीत फरक स्पष्ट दिसतो, कारण २५ पीत हालचालीचा अर्धा तपशील टाकून दिला जातो.

खटपट्या

ही माहिती सोन्यासारखी आहे. माझ्याकडे आजोबांच्या भजनाच्या मिनी डीव्ही आहेत, त्यातला माणूस हिसके देत चालतो. क्रम उलटा करून बघतो.

जुनाहँडीकॅम

जरूर करा. आणि कॅसेटवरून उतरवलेली मूळ डीव्ही फाइल पुसू नका. डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्रच असते, २५ मेगाबिटच्या आसपास चित्र, आवाजासकट तासाला १३ जीबी. ती एडिटिंगला आजच्या कुठल्याही मशिनवर सरळ चालते, तिला आधी एमपी४ करायची काही गरज नाही. दुकानात देताना तेवढं बजावून सांगा, नाहीतर डीव्हीडी किंवा लहान एमपी४ हातात ठेवतात आणि तिथून पुढे दर्जा परत मिळत नाही.

मांडकरी

शेवटची शंका. एडिट पूर्ण होत आलं. रेंडर करताना प्रॉक्सीवरून होणार नाही ना याची खात्री कशी करायची? आणि प्रॉक्सी नंतर पुसल्या तर चालेल का?

फ्रेमवाला

डिलिव्हर पानावर प्रगत सेटिंग्जमध्ये 'यूज प्रॉक्सी मीडिया' नावाची चौकट आहे, तिच्यात खूण नसावी. तरी एक मिनिटाचा तुकडा आधी काढून बघा. संकासुराच्या वेशाची शिवण आणि किनार मोठ्या पडद्यावर स्पष्ट दिसली तर मूळवरून आलं. रेंडरच्या वेळी बाहेरची डिस्क जोडलेली हवी, हे वेगळं सांगायला नको. लॅपटॉपला बराच वेळ लागेल, कारण आता तो मूळ ४के उलगडतो आहे. लागू द्या.

प्रॉक्सी पुसल्या तर काही बिघडत नाही, हव्या तेव्हा पुन्हा बनतात. कॅमेऱ्याच्या मूळ फाइली, रेकॉर्डरच्या वेव्ह फाइली आणि मोबाइलची मूळ तसंच कॉन्स्टंट केलेली फाइल, हे सगळं दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. प्रोजेक्टची फाइल एक्स्पोर्ट करून त्याच फोल्डरात टाका. तुम्ही ज्या कलाकारांबद्दल लिहिलंत त्यांचं काम यात आहे, म्हणून आवर्जून सांगतो: १ टीबीच्या एकाच बाहेरच्या डिस्कवर ते राहता कामा नये.

मांडकरी

दुसरी डिस्क आजच मागवतो. नाट्यमंडळातल्या प्रत्येकाला पेनड्राइव्हवर एक प्रत द्यायची आहे, घरच्या टीव्हीवर चालेल अशी. ४केच द्यावी का?

जुनाहँडीकॅम

४के नको. गावाकडचे बरेच टीव्ही जुने आहेत. एमपी४, एच.२६४, आठ बिट, १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, एएसी आवाज, ८ मेगाबिट. हे जवळजवळ कुठेही चालतं. जुने टीव्ही पेनड्राइव्ह फॅट३२ (पेनड्राइव्ह फॉरमॅट करायची जुनी पद्धत) असेल तरच वाचतात, आणि फॅट३२वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. ८ मेगाबिटला तासाचे साधारण पावणेचार जीबी होतात, म्हणून तासाच्या आतले भाग करा. भाग तोडताना घड्याळ बघू नका, आख्यानातला प्रवेश संपतो तिथे तोडा. आडदशावताराचा भाग वेगळा ठेवा. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये सगळं आरामात बसतं. सगळ्यांच्या प्रती काढण्याआधी एक पेनड्राइव्ह गावातल्या सगळ्यात जुन्या टीव्हीला लावून बघा.